गोळी गिळली, पण पोचली का?

मागच्या अंकात ट्रान्सपोर्टरवर लिहिलं होतं, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यात बसलेली आणि औषधाचे कण आत घेणारी नाहीतर बाहेर फेकणारी प्रथिनं. त्यावर सांगली-साताऱ्याकडून एवढी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नाही. जी घेतलीत ती थोडी कापलीत, आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आजार ज्याचा त्याचा खासगी.

प्रश्न: मॅडम, आमची द्राक्षबाग आहे. मला कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिन आणि बीपीची अम्लोडिपिन चालू आहे. पोरानं मोबाईलवर वाचून दाखवलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीवर ग्रेपफ्रूट खायचं नाही. आता आमच्या घरात सीझनला द्राक्षाशिवाय दुसरं असतं काय? खायचं का बंद करायचं?
— बागायतदार, तासगाव

उत्तर: खा की. शुगर नसेल तर बिनधास्त खा, असेल तर मोजून खा. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हेच, ते मोसंबी-पपनसाच्या जातीचं कडवट फळ, आपल्याकडं फारसं मिळतही नाही. त्यात जी रसायनं असतात ती आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं एक एन्झाइम निकामी करून टाकतात, मग गोळीचा जो वाटा तिथंच मोडून जायचा तो सगळा रक्तात उतरतो आणि डोस न वाढवता वाढल्यासारखा होतो. हे सापडलंही गंमतशीर, कॅनडात दारूचा फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर काय परिणाम होतो ते बघत होते आणि दारूची चव झाकायला म्हणून ग्रेपफ्रूटचा रस दिला होता, 1991 साली छापून आलं की खरी करामत दारूची नव्हती, रसाची होती. तुम्ही सांभाळायचंय ते पपनस. गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं, त्यातही तीच रसायनं आहेत, तेव्हा अटोरवास्टॅटिन चालू असताना ते रोज फोडून खाऊ नका. अम्लोडिपिनला त्यानं फारसा फरक पडत नाही.

आता फळांच्या रसाची उलटी गोष्टपण ऐका, ती तुमच्या जास्त कामाची आहे. बागेत गंधकाची धुरळणी झाली की शिंका सुरू होतात आणि बरेच जण फेक्सोफेनाडिन घेतात. ही गोळी आतड्यातून आत जायला एका आत घेणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा हात धरते, आणि संत्र्याचा, सफरचंदाचा, ग्रेपफ्रूटचा रस नेमका त्यालाच अडवतो. रसाबरोबर घेतली तर रक्तात पोचणारं औषध एक तृतीयांशाहून जास्त कमी होतं. मग माणूस म्हणतो गोळीच बोगस. साध्या पाण्याबरोबर घ्या.

प्रश्न: सासऱ्यांना हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे, वय 72. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी ऑनलाइन हळद-मिरीच्या कॅप्सूल मागवल्यात. डबीवर लिहिलंय की मिरीमुळे हळदीचं शोषण 20 पट वाढतं. मला प्रश्न पडला की हळदीचं वाढतं तर त्यांच्या बाकीच्या गोळ्यांचंपण वाढत असेल का? आमच्याकडं हळदीचाच व्यापार आहे, त्यामुळं घरात हळदीविरुद्ध बोलायची सोय नाही. नीट समजावून सांगाल का?
— एक सूनबाई, सांगली

उत्तर: ताई, हा प्रश्न कॅप्सूलवाल्या कंपनीनं स्वतःला विचारायला पाहिजे होता. तुम्ही विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डबीवरचा आकडा हवेतला नाही. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, नुसतं दिलं तेव्हा रक्तात जवळजवळ काहीच सापडेना, सोबत मिरीतलं 20 मिलीग्रॅम पायपरिन दिलं तेव्हा प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढलं. पण वाढलं कशावरून ते बघा. आधी होतं जवळजवळ शून्य. शून्याला लागून असलेल्या आकड्याची 20 पट म्हणजे काय फार मोठा डोंगर नाही, आणि रक्तात पोचलं म्हणजे गुडघा बरा झाला असंही नाही. जाहिरातीत हा भाग गाळलेला असतो.

आता तुमचा मुद्दा. पायपरिन फक्त हळदीसाठी दार उघडतं आणि बाकीच्यांसाठी लावून घेतं असं काही नसतं. आतड्याच्या आतल्या अस्तरावर, पोकळीकडं तोंड करून, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप बसलेला असतो. औषधाचा कण पेशीच्या पडद्यात घुसला रे घुसला की हा त्याला तिथंच पकडून परत आतड्यात ढकलतो. एसटीत चढणाऱ्याला कंडक्टरनं पायरीवरूनच खाली उतरवावं तसं, आत सीटपर्यंत जाऊच देत नाही. त्याला त्यासाठी ऊर्जा लागते, पेशीचं एटीपी जाळून तो हे करतो. आणि चेहरा बघून ढकलत नाही, एकमेकांशी काही नातं नसलेली शेकडो औषधं तो ओळखतो. डिगॉक्सिन हे त्यातलं अगदी पुस्तकी उदाहरण. आतड्यात तोच पंप, पित्तातून बाहेर टाकायला लिव्हरमध्ये तोच, लघवीतून टाकायला किडनीतही तोच. म्हणजे पंप अडवला की डिगॉक्सिन आत येतं जास्त आणि बाहेर जातं कमी, दोन्हीकडून मार.

हे पुस्तकापुरतं नाही. क्विनिडिन नावाचं हृदयाचं जुनं औषध डिगॉक्सिनसोबत दिलं की रक्तातलं डिगॉक्सिन साधारण दुप्पट व्हायचं, हे 1970 च्या दशकाच्या शेवटी लक्षात आलं, का होतं ते मात्र पंपाचा अभ्यास झाल्यावर कळलं. व्हेरापामिलनं होतं, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनंही होतं. उलटंही होतं, टीबीची रिफॅम्पिसिन सुरू केली की आतड्यात हे पंप वाढतात आणि तोंडावाटे घेतलेलं डिगॉक्सिन कमी पोचतं. डिगॉक्सिनमध्ये उपयोगाचा डोस आणि विषाचा डोस यांच्यात अंतर अगदी थोडं, म्हणून एवढी काळजी घ्यायची. आपल्या कुंपणातली कण्हेर आणि पिवळी बिट्टी खाऊन माणसं दगावतात ना, ती विषं याच घराण्यातली, हृदयाच्या पेशीतला सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद करणारी.

पायपरिन हा पी-ग्लायकोप्रोटीन पंप अडवतं हे 2002 साली लॅबमध्ये दाखवलं गेलं, माणसाच्या आतड्याच्या पेशींचा थर वाढवून त्यातून डिगॉक्सिन कसं जातं ते मोजून. ही झाली बशीतली गोष्ट. बशीत औषध पेशीवर सरळ ओततात, माणसाच्या पोटात ते अन्नात मिसळतं, पातळ होतं, पुढं सरकतं, त्यामुळं बशीत दिसलं ते माणसात तेवढंच होईल असं मी कधीच म्हणणार नाही. पण माणसांवरचीही थोडी माहिती आहेच. रोज 20 मिलीग्रॅम पायपरिन दिल्यावर प्रोप्रानोलॉल आणि थिओफायलिन रक्तात वाढलेली मोजली गेलीत, आणि फिटच्या फेनिटॉइनबाबतही वाढ दिसलीय. त्यात एन्झाइमचा वाटा किती आणि पंपाचा किती हा वाद वेगळा, वाढलं हे खरं.

म्हणून सासऱ्यांची कॅप्सूल थांबवा असं माझं सरळ मत आहे, निदान त्यांच्या डॉक्टरांना डबी दाखवेपर्यंत तरी. डबी दाखवा, नुसतं हळद घेतात असं सांगू नका, डॉक्टर दुधातली हळद समजतील. आणि मळमळ, जेवणावरची वासना उडणं, नाडी मंद लागणं, सगळं पिवळसर दिसणं यातलं काही असेल तर वाट न बघता दाखवा. किडनीची तपासणी बरेच दिवसांत झाली नसेल तर तीपण करून घ्या.

घरात भांडण नको म्हणून एवढं सांगा की आमटीतल्या हळदीबद्दल माझी काही तक्रार नाही. हळदपुडीत कर्क्युमिन असतं जातीनुसार कमीजास्त, साधारण 3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चिमूटभर हळदीत अगदी थोडे मिलीग्रॅम. कॅप्सूलमध्ये 500 मिलीग्रॅमचा 95 टक्के अर्क असतो आणि दिवसाला दोन-दोन घेतात. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, कीर्ती लांबवर आहे, त्यातलं काहीही या उत्तरानं कमी होत नाही. ती हळद स्वयंपाकाची आहे. कॅप्सूल हे औषध आहे आणि त्याला औषधाचेच नियम लावायचे.

प्रश्न: पॅन्टोप्राझोल जेवणाआधीच घ्यायची असं का म्हणतात? मी जेवून घेतो, काही होत नाही.
— मिरज

उत्तर: काही होत नाही म्हणजे पित्त कमी होत नाही का त्रास होत नाही? असो. ही गोळी पोटात ॲसिड सोडणाऱ्या पंपाला कायमची चिकटून त्याला बंद करते, पण बंद करू शकते फक्त चालू असलेल्या पंपाला, आणि पंप चालू होतात जेवणामुळं. गोळी रक्तात असते फार तर काही तास, म्हणून अर्धा तास आधी घेतली की जेवणानं पंप जागे होतात तेव्हा ती हजर असते. एकदा चिकटली की रक्तातून निघून गेली तरी चालतं, नवीन पंप तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं घेत असाल तर एकदा डॉक्टरांना विचारा की अजून लागतेय का.

प्रश्न: मी बी.फार्मला आहे. प्रॅक्टिकलला आम्हाला आतडं उलटं करून त्यातून औषध किती जातं ते मोजायला लावलं. उलटं का करायचं हे कुणीच नीट सांगितलं नाही, जर्नलमध्ये सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलं. व्हेरापामिल का घालतात तेपण सांगा. आणि हे जुनं तंत्र अजून का शिकवतात, आता पेशींवर करतात ना?
— विद्यार्थी, कराड

उत्तर: जर्नल उतरवण्याची परंपरा आमच्या काळापासूनची आहे, ती चालू असल्याचं ऐकून गहिवरून आलं.

हे तंत्र विल्सन आणि वाइजमन या दोघांचं, 1954 सालचं. उलटं करायचं कारण अगदी व्यवहारी आहे. आतड्याची मऊ मखमली बाजू, जिथून शोषण होतं ती, असते आत. तिला बाहेर आणली की ती मोठ्या बीकरमधल्या द्रावणात बुडते, तिथं तुम्ही ऑक्सिजनचे बुडबुडे सोडता, म्हणजे ज्या पेशींना सगळ्यात जास्त काम आहे त्यांना श्वास मिळतो. आणि जी बाजू आता आत गेली तिथं पिशवीत जेमतेम 1 मिलीलीटर द्रावण, त्यामुळं थोडंसं औषध पलीकडं आलं तरी मोजण्याइतकं घट्ट सापडतं. सुलट ठेवलं असतं तर पलीकडं आलेलं औषध मोठ्या बीकरमध्ये हरवून गेलं असतं.

हातानं नीट केलंत तरच आकडे येतात. बोकडाचं आतडं आणत असाल तर खाटिकाकडं सकाळी लवकर जायचं आणि थंड क्रेब्ज द्रावणात, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षार-ग्लुकोजच्या पाण्यात, घालून आणायचं, दुपारी आणलेलं आतडं म्हणजे मेलेलं आतडं. आत थंड द्रावण सोडून धुवायचं, पण जोरात नाही. काचेची कांडी एका टोकाला दोऱ्यानं बांधायची आणि ओल्या बोटांनी सावकाश, मोजा काढताना उलटतो तसं, तिच्यावरून गुंडाळत न्यायचं. इथं घाई केली की अस्तर सोलवटतं, डोळ्याला दिसत नाही, पण मग भोकातून औषध जातं आणि पोरं खूश होऊन लिहितात की शोषण उत्तम. आतडं जिवंत आहे का ते तपासायची सोपी युक्ती मूळ प्रयोगातच आहे, दोन्हीकडं सारखं ग्लुकोज ठेवा, थोड्या वेळानं पिशवीतलं ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा वाढलं तर पेशी ते ओढून घेतायत, वाढलं नाही तर बाकीचे आकडे फेकून द्या. हे ग्लुकोज ओढणं सोडियमच्या जोडीनं होतं, रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली ते मांडलं, आणि जुलाबात मीठ-साखर-पाणी का चालतं त्याचं उत्तर तिथंच आहे. तासाभरानंतरच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका, ऊती थकत जाते.

आता व्हेरापामिल. वर सांगलीच्या ताईंना जो पंप सांगितला तोच इथं आहे. तुमचं औषध हळू जातंय, पण का? पडद्यातून शिरायलाच जड जातंय, का शिरतंय पण पंप परत फेकतोय? नुसत्या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून व्हेरापामिल घालून पंपाला गुंतवून ठेवायचं आणि परत मोजायचं. आता जास्त गेलं तर पंपावर संशय घट्ट झाला. शिवाय एक पिशवी सुलटी ठेवून उलट दिशेनंही मोजायचं, रक्ताच्या बाजूकडून आतड्याच्या पोकळीत फेकणं हे पोकळीतून शोषण्यापेक्षा बरंच जास्त असेल तर पंप आहे. पण व्हेरापामिल काही साधं नाही, ते कॅल्शियमचे चॅनेल बंद करतं आणि औषध मोडणारं एन्झाइमही अडवतं, त्यामुळं एकट्या व्हेरापामिलवर निकाल देऊ नका, तोंडी परीक्षेत हे बोललात तर मार्क मिळतील.

पेशींवर करतात हे खरं. कॅको-2 नावाच्या पेशी वापरतात, मुळात आतड्याच्या कॅन्सरमधून आलेल्या, पण बारीक छिद्रांच्या जाळीवर 21 दिवस सांभाळल्या की लहान आतड्यासारखा एकसंध थर तयार करतात. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, एक दिवसाआड खाऊ बदलायचा, आणि थर फाटला नाही ना ते विजेचा रोध मोजून बघायचं. एकदा बुरशी शिरली की तीन आठवडे पाण्यात. खर्च तर विचारूच नका, म्हणून तुम्हाला आतडं देतात, आणि खरं सांगू का, शिकायला आतडंच बरं, कारण चूक झाली तर ती हाताला कळते.

या पंपाचा शोध कसा लागला तेवढं सांगते, सातारा जिल्ह्यातल्या पोराला ते माहीत असायला हवं. पावसाळ्यात कासच्या बाजूला, घाटातल्या कुंपणांवर लाल-पिवळी कळलावी फुलते, तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असतं, ज्याचं औषध गाउटला वापरतात. कॅनडात टोरंटोला रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींना कोल्चिसिनमध्ये वाढवलं, ज्या वाचल्या त्यांनाच पुढं जास्त डोस. शेवटी उरलेल्या पेशी कोल्चिसिनला तर जुमानत नव्हत्याच, पण कधी न बघितलेल्या दुसऱ्या औषधांनाही जुमानत नव्हत्या. त्यांच्या पडद्यात सुमारे 1,70,000 रेणुभाराचं एक प्रथिन भरपूर सापडलं, 1976 साली छापलं. कॅन्सरच्या गाठी केमोला का दाद देत नाहीत याचा एक धागा सापडला म्हणून सगळीकडं धावपळ झाली. 1981 मध्ये जपानमधल्या त्सुरुओ यांनी दाखवलं की व्हेरापामिल घातलं की विन्क्रिस्टिन, म्हणजे आपल्या दारातल्या सदाफुलीतलं कॅन्सरचं औषध, परत काम करायला लागतं. बशीत, आणि उंदरांतही. मग पंप अडवणारी एकाहून एक औषधं बनवून पेशंटवर तपासली, वर्षानुवर्षं, आणि हाती बहुतेक निराशाच आली, कारण गाठीतला पंप अडवला की आतड्यातला, लिव्हरमधला, सगळीकडचा अडतो आणि केमोचं विष अंगभर वाढतं, आणि गाठीकडं निसटायच्या दुसऱ्या वाटाही असतात. तुझ्या जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिताना हे लक्षात ठेव, व्हेरापामिलनं शोषण वाढलं एवढंच लिही, याचा पेशंटला फायदा होईल असं लिहू नको.

प्रश्न: आमच्याकडं म्हशींना गोचिडासाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. पाहुण्यांनी पुण्याहून कोली जातीचा कुत्रा आणून दिलाय, त्यालाही गोचीड झाले. गड्यानं म्हशीची उरलेली बाटली काढली तर डॉक्टर ओरडले. का बरं?
— वाई

उत्तर: डॉक्टरांनी कुत्रा वाचवला. किडे-गोचीड मरतात कारण आयव्हरमेक्टिन त्यांच्या मज्जातंतूंना लुळं करतं. आपल्या मेंदूतही त्याला धरायला जागा आहे, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत तोच पी-ग्लायकोप्रोटीन पंप पहारा देतो आणि औषध रक्तात परत फेकतो. नेदरलँड्समध्ये ॲम्स्टरडॅमला आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी हा पंप नसलेले उंदीर तयार केले होते. दिसायला धडधाकट, काही कमी नाही. मग पिंजऱ्यांत माइट झाले म्हणून नेहमीसारखी आयव्हरमेक्टिनची फवारणी केली आणि पंप नसलेले उंदीर पटापट मेले. प्रयोग म्हणून केलेलं नव्हतं, उंदरांची खरूज घालवायला केलं होतं, आणि मेंदूच्या दारात कोण उभं आहे ते त्यातून कळलं. 1994 सालचं हे. पुढं 2001 मध्ये अमेरिकेत दिसलं की बऱ्याच कोली कुत्र्यांत याच पंपाच्या जीनमधली 4 अक्षरं गळालेली असतात, त्यांचा पंप अर्धवटच तयार होतो. म्हणून त्यांना जास्त डोस गेला की तोल जातो, आंधळ्यासारखे वागतात, बेशुद्ध पडतात, मरतातही. आणि म्हशीची बाटली म्हशीच्या वजनाची असते, कुत्र्याला सुईनं थेंब मोजून देता येत नाही, तेव्हा जात कुठलीही असो ती बाटली कुत्र्यावर वापरायची नाही. जुलाबाची लोपरामाइडपण कोलीला देऊ नका. ती अफूच्या घराण्यातली आहे, आपल्याला गुंगी येत नाही ती याच पंपाच्या कृपेनं.

प्रश्न: दम्यासाठी निळा पंप ओढते. कारखाने सुरू झाले, फडात ऊस पेटवायला लागले की दिवसातून सात-आठ वेळा ओढावा लागतो आणि पूर्वीसारखा आराम पडत नाही. औषधाची सवय लागली का?
— कराड तालुका

उत्तर: व्यसन नाही हो, पण पेशीनं कान बंद करून घेतलेत असं म्हणता येईल. निळ्या पंपातलं सालब्युटामॉल पेशीच्या आत फार जात नाही, बाहेरच्या बाजूला बीटा-2 रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, असतो त्याला ते टेकतं. रिसेप्टर हलला की आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं, त्यातून सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होतो आणि श्वासनळीचा स्नायू सैल पडतो. हे सगळं पाचेक मिनिटांत. पण सतत हाका मारत राहिलं की पेशी त्या रिसेप्टरला फॉस्फेटची खूण करते, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, निरोप तुटतो आणि काही रिसेप्टर तर पेशी आतच ओढून घेते. रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 चं नोबेल मिळालं ते या घराण्यातल्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी.

पण तुमच्या बाबतीत यापेक्षा मोठी गोष्ट ही की श्वासनळीला आतून सूज आहे आणि निळा पंप ती सूज उतरवतच नाही. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा इनहेलर, आणि तो बीटा-2 रिसेप्टर नव्यानं बनवायलाही मदत करतो. लोक स्टेरॉइड म्हटलं की घाबरतात आणि निळा मात्र चॉकलेटसारखा वापरतात, नेमकं उलटं करतात. दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात 2019 पासून नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं स्पष्ट आहे, आणि वर्षाला 200 मात्रांचे 3 पंप संपत असतील तरी धोका वाढलेला धरतात. तुम्ही दिवसाला सात-आठ म्हणताय. या आठवड्यात दाखवा, आणि मध्ये कधी बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर वाटत असतील तर तडक दवाखाना गाठा.

प्रश्न: मुलगा 14 वर्षांचा, फिट येतात. फेनिटॉइन चालू होती, मग दुसरी गोळी जोडली. रक्ताची तपासणी केली की डॉक्टर म्हणतात औषधाची पातळी बरोबर आहे, तरी महिन्याला दोन-तीन फिट येतातच. रक्तात औषध आहे तर मेंदूत का लागू पडत नाही?
— आई, विटा

उत्तर: ताई, रक्तात असणं आणि मेंदूत पोचणं या दोन गोष्टी आहेत हे तुम्ही बरोबर पकडलंत. फिट येणाऱ्या दर तीन जणांतल्या साधारण एकाला गोळ्यांनी पूर्ण आराम पडत नाही, म्हणजे तुमचं काही चुकलं असं मनात आणू नका.

यामागं काय असेल याचा एक अंदाज असा की मेंदूच्या दारातला पंपच जास्त झालाय. 1995 साली ऑपरेशनमध्ये काढलेल्या अशा पेशंटच्या मेंदूच्या तुकड्यांत या पंपाचा जीन जास्त चालू असल्याचं दिसलं. पंप वाढतो कसा, तर उंदरांवरच्या कामातून कळलं की फिट आली की ग्लुटामेट, म्हणजे मेंदूच्या पेशींमधला निरोप्या, भरपूर सुटतं, ते रक्तवाहिनीच्या पेशीवरच्या रिसेप्टरला लागतं, आत सूज आणणारं कॉक्स-2 एन्झाइम चालू होतं आणि त्या साखळीच्या शेवटी पेशी जास्त पंप बनवते. म्हणजे फिटच पुढच्या गोळीची वाट अडवते. उलट दिशेचे निरोपही असतात. उंदराच्या मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या वेगळ्या काढून त्यांना चमकणारं औषध देतात, पंप चालू असला की मायक्रोस्कोपखाली वाहिनीची पोकळी उजळलेली दिसते कारण औषध तिथं फेकलं जातं. त्यात एंडोथेलिन नावाचा पदार्थ अगदी थोडा घातला की उजेड काही मिनिटांत मंदावतो, आणि धुऊन काढला की परत येतो, 2004 साली हे छापलं गेलं. पंप तुटला नाही, पेशीच्या आतून प्रोटीन कायनेज सी नावाच्या एन्झाइममार्फत निरोप आला आणि तो थोडा वेळ गप्प बसला. मला या सगळ्या विषयात हे सर्वात आवडतं, कारण दार कायमचं फोडायच्या ऐवजी तेवढ्यापुरतं किलकिलं करता येईल का हा प्रश्न त्यातून निघतो.

पण आज तुमच्या मुलासाठी यातून निघालेली गोळी नाही, हे स्पष्ट सांगते. 2013 मध्ये माणसांच्या पीईटी स्कॅनमध्येही गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत पंपाचं काम जास्त दिसलं, तरी फिटची सगळी औषधं हा पंप फेकत नाही आणि सगळ्या पेशंटमध्ये कारण हेच असतं असंही नाही. कुणी पंप अडवायला म्हणून बीपीची गोळी जोडा असं सुचवलं तर घरच्या घरी करू नका. आणि वरच्या सांगलीच्या उत्तरातली हळद-मिरीची कॅप्सूल फेनिटॉइनवर तर नकोच, कारण फेनिटॉइन एका पातळीनंतर थोडंसं वाढवलं तरी रक्तात भसकन वाढतं, मग चालताना झोकांड्या जातात, डोळे फिरतात.

करण्यासारखं आहे ते असं. योग्य निवडलेल्या आणि नीट घेतलेल्या दोन औषधांनी फिट थांबल्या नाहीत तर डॉक्टर त्याला दाद न देणारी फिट धरतात आणि तिथून पुढं मोठ्या केंद्रात तपासणी व्हायला हवी, एमआरआय, व्हिडिओ ईईजी, ऑपरेशनचा उपयोग होईल का ते बघणं. डॉक्टरांना सरळ विचारा की आम्हाला एपिलेप्सी सेंटरला पाठवता का, ते रागावणार नाहीत. जाताना एक वही न्या, त्यात फिटची तारीख, वेळ, किती वेळ टिकली, आदल्या रात्री झोप कशी होती आणि कुठली गोळी चुकली होती का एवढं लिहिलेलं. जमलं तर घरात कुणीतरी एका फिटचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना अर्धा तास सांगून जे कळत नाही ते त्यात अर्ध्या मिनिटात दिसतं. आणि रक्ताची पातळी परत तपासाल तेव्हा सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या.